धूर दिलेली मुळी

११ जून

आता मुळी खणायची तर आधी वहीत लिहायचं. माझ्या सासूनं चाळीस वर्षं या खोऱ्यातली गळवं फोडली, जखमा बऱ्या केल्या, आणि तिला सहीसुद्धा येत नव्हती. ती कुठं उंची मोजत बसली नाही. आणि मी मात्र 'समुद्रसपाटीपासून किती' लिहायचं म्हणे. समुद्र मी पाहिलेला नाही, त्याची सपाटी कुठून बघू.

वही पाठवलीय आयजारकिननं. माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याच घरात वाढली, आणि आता बिश्केकला शिकते. जुन्या औषधी झाडांनी जंतू मरतात का, हे तिथं बघतात. रकाने तिनं पट्टी धरून आखलेत: तारीख, जागा, उंची, झाडाचा कुठला भाग, कसा सुकवला, शेरा. वासराच्या कानात बिल्ला ठोकतात तसा प्रकार. मी म्हटलं, मला नाही जमायचं. तर म्हणते, "मावशी, लिहिलं नाहीस तर आमच्या मोठ्या बाई मुळी हातात धरणार नाहीत, आणि माझं वर्ष जाईल."

वर्ष जाईल म्हटल्यावर मी पेन्सिल शोधली.

सात इयत्ता शिकले मी, त्यातल्या दोन मेंढरांमागं गेल्या. पण शेऱ्याचा रकाना बघा, बोटाएवढा. माझा शेरा त्यात मावत नाही. म्हणून वही उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घेतलंय. पुढचं तिच्यासाठी, मागचं माझं.

१४ जून

पिवळी मुळी खणली. ओढ्यापलीकडच्या उतारावर, सुरूसारखी पानं असलेल्या वासाच्या आरच्याच्या झाडांखाली. सासू म्हणायची, बी गळून पडल्याशिवाय मुळीला हात लावायचा नाही, नाहीतर मागं काही उरत नाही. आता तर फूलही धड उमललेलं नाही. पण आयजारकिनला महिन्याच्या आत हवी. सासू मागं उभी राहून बघतेय असं सारखं वाटत होतं, म्हणून भराभरा खणली. चोर खणतो तशी.

पुढच्या पानावर उंचीच्या रकान्यात लिहिलं: धाप लागेल इतकी.

२४ जून

मुळ्या सुकल्या. ऊन लागू द्यायचं नाही असं तिनं बजावलं होतं, लागू दिलं नाही. जुनी चादर उकळून दोन पिशव्या शिवल्या, त्यात भरल्या. मग कोठीत आरच्याच्या ओल्या डहाळ्या पेटवून पिशव्या धुरावर टांगल्या. आजाऱ्यासाठी घरातून काही बाहेर जायचं तर धूर दिल्याशिवाय जात नाही. सासू दोन संध्याकाळी द्यायची, मी तीन दिल्या. इतक्या लांब जाणार, वाटेत कुणाकुणाची नजर.

वहीत 'कसा सुकवला' खाली लिहिलं: सावलीत, सात दिवस. पिशव्या बिश्केकच्या गाडीवाल्याकडं दिल्या आणि वर पाय ठेवू नकोस म्हणून सांगितलं.

२५ जून

पोचल्या. आयजारकिनचा फोन आला. "मावशी, पिशवी उघडली आणि घरचा वास आला गं," म्हणाली आणि नाक ओढायला लागली.

म्हटलं, "नाक पूस आणि कामाला लाग. मुळी रडायला पाठवलेली नाही."

फोन ठेवल्यावर मीच घटकाभर बसून राहिले. चहा निवला.

९ जुलै

फोटो आला. काचेची बशी, तिच्यात थिजवलेल्या रश्शासारखं काहीतरी, त्यावर जंतू पेरलेले. मधे कागदाच्या दोन टिकल्या. एक दवाखान्यातल्या औषधात बुडवलेली, एक माझ्या मुळीच्या अर्कात. दोन्हींभोवती स्वच्छ रिंगण. जंतू गायब. औषधाचं रिंगण जेमतेम कणीभर मोठं.

खाली तिनं लिहिलंय, "मावशी, तुझ्या हाताची कमाल."

मग लगेच फोन. "ही पहिलीच बशी आहे, मावशी. अजून पुष्कळ वेळा करून बघायचंय. कुणाला दाखवू नकोस."

ती सांगत होती तेव्हा मी झूराच्या अंगणात उभी होते आणि फोटो झूराला दाखवून झाला होता. मी "बरं" म्हटलं.

१२ जुलै

झूरा माझी शेजारीण, नवी नवरी होऊन या गावात आले तेव्हापासूनची. तिचा नवरा सबिरकुल; थोरल्या भावाला म्हणतात तसं बायके म्हणतो आम्ही त्याला. तीस वर्षं ट्रक चालवला, आता साखरेचा आजार. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम, मे महिन्यापासून भरत नाही. गावच्या दवाखान्यातली नर्स गुलसुन एक दिवसाआड येऊन पट्टी बदलते आणि गोळ्या मोजून देते.

झूरानं आज मला बोलावलं. बायके पलंगावर, पाय उशीवर. म्हणाला, "ये गं, बशीवाली. माझ्या पायावर पण रिंगण काढ."

मुळी कुटली, मेंढीच्या चरबीत कालवली, लावली. लेप लावताना आमच्याकडं म्हणायचं असतं, हा माझा हात नाही, उमाय-आईचा हात आहे. आज ते म्हणायचं राहिलं. म्हणजे आठवलं होतं. पण डोक्यात तो फोटो होता, खालची अक्षरं होती, आणि मला वाटलं, आता कशाला.

त्यानं विचारलं, "आणि ह्या गोळ्यांचं काय? पोटात आग होते नुसती."

मी म्हटलं, "जंतूंच्या गोळ्या बंद कर. बशीत बघितलंस ना, सारखंच काम आहे. फुकट पोट कशाला जाळतोस."

असंच म्हटलं. शब्दन् शब्द लिहून ठेवतेय.

२० जुलै

जखम वरून कोरडी पडलीय, खपली धरलीय. झूरानं ताटभर कुरुत पाठवलं, दह्याचे वाळवलेले खारट गोळे. खालच्या आळीतल्या दोघीजणी मुळी मागायला आल्या. एकीनं फोटो आपल्या मोबाइलवर घेतला. गुलसुन रस्त्यात भेटली तर मान फिरवून गेली. जळते.

३ ऑगस्ट

आज गुलसुनशी भांडण झालं. झूराच्या दारातच.

ती मला ताईच्या मानानं एजे म्हणते. म्हणाली, "बुरुलचा एजे, खपलीच्या आत पू आहे. वास येत नाही का तुम्हाला?"

"चरबीचा वास आहे तो."

"त्यांनी साखरेच्या गोळ्या पण सोडल्यात, माहितेय का?"

मला माहीत नव्हतं. मी फक्त जंतूंच्या म्हटलं होतं. पण सगळ्या पांढऱ्याच असतात, त्यानं सगळ्याच उचलून कपाटावर टाकल्या. मी तिला हेच सांगितलं, की मी त्या म्हटल्या नव्हत्या. आणि फोटो काढून तिच्या नाकासमोर धरला.

तिनं नीट बघितला. मग म्हणाली, "काचेच्या बशीला पाय नसतो, एजे. साखर पण नसते."

मी म्हटलं, "तुला दोन वर्षांच्या शिक्षणात सगळं कळलं."

घरी आल्यावर हात धुतले. तीनदा. वास चरबीचा नव्हता.

१२ ऑगस्ट

बायकेला ताप भरला, पहाटे जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. अंगठा आणि शेजारचं बोट काढलं.

१५ ऑगस्ट

झूरा इस्पितळातून आली ती थेट माझ्याकडं. मी दारात तिला बघितलं. वाटलं, आता ही माझे केस धरणार. धरले असते तर बरं झालं असतं.

तिनं मला मिठी मारली. पदराखालून गरम भाकरी काढली. "डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचला. तुझी मुळी होती म्हणून बाई, नाहीतर पायच गेला असता."

मी भाकरी घेतली. खाल्ली पण. म्हटलं, "मीठ जास्त झालंय."

२७ ऑगस्ट

बायके घरी. कापलेल्या जागी टाके. गुलसुननं झूराला बजावलंय, दवाखान्याची पट्टी सोडून कशाला हात लावायचा नाही. झूरा कुंपणावरून म्हणाली, "तिला तोंडदेखलं हो म्हणते. तू मुळी दे, मी रात्रीचा लेप लावीन."

मी म्हटलं, "टाके सुकू देत आधी."

"म्हणजे संपली का तुझ्याकडची? की आता शहरालाच सगळी?"

एवढं म्हटलं फक्त. आणि मी आत जाऊन पिशवीभर आणून दिली. धूर देऊन ठेवलेली, जून महिन्यातलीच. द्यायची नव्हती. चिकट समजेल म्हणून दिली. गोळ्या चालू ठेवा असं सांगितलं मात्र, दोन वेळा सांगितलं. हे मी स्वतःच्या बाजूनं लिहितेय, ते मला कळतं.

३ सप्टेंबर

आयजारकिनच्या मोठ्या बाई स्वतः आल्या, गाडी घेऊन. किडकिडीत बाई, बूट चांगले. माझ्या पुढं चढून गेल्या आणि धाप लागली नाही. वहीतली उंची वाचून हसल्या, म्हणाल्या, "हे माप मी पहिल्यांदाच बघितलं."

मुळी त्यांनी स्वतः खणली, बी गळाल्यावरची. कागदी पाकिटात घातली, वर चिठ्ठी. चहाला बसल्या तेव्हा वही पुन्हा उघडली. "सावलीत सात दिवस. आणखी काही केलं होतं का, एजे? उकळणं, मीठ, काही?"

म्हटलं, "काही नाही."

खरंच काही केलं नव्हतं. असं मला वाटलं. हात धुतले हे कुणी लिहितं का.

मी म्हटलं, "द्या ते पाकीट, थोडं..." आणि कोठीकडं बोट दाखवलं, पण त्यांना घाई होती. गाडी सुरूच होती.

११ सप्टेंबर

कळप घेऊन नवरा वरच्या कुरणावरून उतरला. चार महिन्यांनी. जेवता जेवता म्हणाला, "वर सगळ्या तंबूंत तुझं नाव आहे. एक जण मेंढीच्या खुराला तुझी मुळी लावत होता."

"मग?"

"मेंढी लंगडी ती लंगडीच. पण तो खूश होता." मग थोड्या वेळानं म्हणाला, "सबिरकुल कसा आहे?"

"बरा आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुढचा घास घेतला. पंचवीस वर्षं झाली, हा माणूस एक प्रश्न दोनदा विचारत नाही. कधीकधी विचारावा.

१९ सप्टेंबर

पुन्हा नेलं. पाय घोट्यापर्यंत काळा. झूरा गाडीत बसताना मला म्हणाली, "लेप चुकला नाही एक दिवस, तुझी शपथ."

२१ सप्टेंबर

घोट्याच्या वरून कापला.

२४ सप्टेंबर

आज दुपारी आयजारकिनचा फोन आला. आवाज बारीक.

"मावशी, बाईंनी नेलेल्या मुळीला रिंगण नाही. तीनदा केलं. काहीच नाही. जंतू टिकलीला चिकटून वाढलेत."

म्हटलं, "बाईंनी चुकीची खणली असेल."

"तीच आहे." मग म्हणाली, "मावशी, पिशव्यांना धूर दिला होतास का?"

"मग काय उघड्यावाघड्या पाठवायच्या? तीन संध्याकाळी दिला."

तिनं 'तीन संध्याकाळी' असं पुन्हा म्हणून बघितलं. मग म्हणाली, धुरात पण जंतू मारायचं काहीतरी असतं. मांस धुरावर का टांगतात, सांग. ते रिंगण मुळीचं की धुराचं, आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि दुसऱ्या खेपेला काहीच आलं नाही म्हणजे धुराचंच असणार.

मी विचारलं, "वास तर तुला तेव्हाच आला होता ना?"

"मला वाटलं, घराचा आहे."

हे मला समजलं. तिला रागावता येईना. त्या घरात वाढलेल्या माणसाला तो वास वास म्हणून येतच नाही. परक्या कुणी पिशवी उघडली असती तर पहिल्यांदा शिंकला असता आणि विचारलं असतं.

पण पुढं ती जे बोलली ते मला आवडलं नाही. म्हणाली, "बाईंना मी सांगितलंय की जून आणि सप्टेंबरच्या मुळीत फरक पडत असेल. त्या बशीवर माझा लेख उभा आहे, मावशी. पुढच्या महिन्यात वाचायचाय. तू धुराचं कुणाला बोलू नकोस. कुणाचं काय बिघडतंय त्यानं?"

तिला सबिरकुलचं काही माहीत नाही. मी कधी सांगितलंच नाही. जुलैत सांगितलं नाही, कारण तिनं फोटो दाखवू नकोस म्हटलं होतं. ऑगस्टमध्ये नाही सांगितलं, कारण जुलैत सांगितलं नव्हतं. आजही तोंड उघडलं नाही. "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

२५ सप्टेंबर

काल शेवटी मी स्वतःला सांगून झोपले की दोष धुराचा. सकाळी उठले तेव्हा ते टिकेना.

धूर दिला नसता तर रिंगण आलं नसतं, रिंगण आलं नसतं तर मी बोलले नसते, बोलले नसते तर गोळ्या चालू राहिल्या असत्या. असं ओळीनं मांडलं की वाटतं धुरानंच पाय कापला. पण सासू पण धूर द्यायची. तीच मुळी, तोच धूर, चाळीस वर्षं. तिनं कुणाला गोळी टाक म्हणून सांगितलं नाही. उलट माझा थोरला तापानं फणफणला होता तेव्हा लेप बाजूला ठेवून तीच म्हणाली होती, घोडं जोड, डॉक्टरकडं चल. मी सोबत होते. मला ते माहीत होतं.

आणि गुलसुनला मी जळते म्हटलं.

२७ सप्टेंबर

आज झूराला सांगितलं.

ती अंगणात चुलीपाशी बसून बोरसोकचे पिठाचे तुकडे तळत होती. शनिवारी, पाच तारखेला, बायकेला घरी आणणार आहेत, त्याची तयारी. शेजारी खलबत्ता, आणि खलात माझी मुळी. विचारलं, हे काय. म्हणाली, "नवीन जखमेला. या वेळी पहिल्या दिवसापासून लावणार. मागच्या वेळी उशीर झाला."

मी उभ्याउभ्याच बोलले. बसले असते तर बोलले नसते. म्हटलं, मुळीत काही नाही. बशीतलं रिंगण धुराचं होतं. दुसऱ्यांदा केलं तर काही आलं नाही. आणि रिंगण खरं असतं तरी गोळ्या बंद कर सांगणारी मी कोण होते. पाय माझ्यामुळं गेला.

तिनं झारा उचलला. मग बोरसोक उलटले.

"तुला मुळी द्यायची नसेल तर सरळ सांग, बुरुलचा."

"द्यायचा प्रश्न नाही. आहे ती पण परत दे."

"वा. आता परत दे." हसली. "मोठी झालीस बाई तू. फोटोतली बाई. शहराच्या बाया गाडी घेऊन दारात येतात, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना कशाला ठेवायची."

"झूरा, लोक येतात ते जाऊ दे. मी सांगते ते ऐक."

"तू सांगतेस." झारा आपटला. "जुलैत तू हो म्हणालीस ते मी तुझं ऐकलं नव्हतं. तू तर वीस वर्षं ती मुळी लावतेस, कोण मोजतंय. मी त्या बशीचं ऐकलं. शहरातून हो आलं होतं. आता नाही यायचं तर ते पण शहरातूनच येऊ दे. कागदावर. तोपर्यंत माझा नवरा आहे आणि माझा खल आहे."

मी खलाला हात घातला. तिनं मनगट धरलं. दोघी पन्नाशीच्या बाया, मुळीच्या चिमटीसाठी ओढाओढी. खल तिच्याकडंच राहिला. माझ्या मनगटावर तेलाचा डाग.

येताना ती मागून म्हणाली, "आणि पाय तुझ्यामुळं गेला म्हणू नकोस. तसं असेल तर मला तुझ्याशी बोलता येणार नाही. मग मी कुणाशी बोलू."

२९ सप्टेंबर

नवरा मला इस्पितळात घेऊन गेला. काही न विचारता गाडी काढली.

बायके खिडकीशी, खाली चादर सपाट. मला बघून म्हणाला, "डावा बूट काढायचाय विकायला. एकदाच घातलेला. तुझ्या नवऱ्याचा पाय केवढा?"

नवरा म्हणाला, "मला दोन लागतात."

दोघं हसले. मला वाटलं माझं डोकं फुटेल. मी त्यालाही सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, म्हणाला, "गोळ्यांचा मलाच कंटाळा आला होता गं. तू म्हणाली नसतीस तर दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं."

ही सूट तो देतोय, चांगला माणूस आहे म्हणून. मला नको ती. मी त्याला म्हटलं, "घरी आल्यावर झूरा लेप लावायला आली तर पाय मागं घे."

"कुठला?" म्हणाला. मग चेहरा बदलला. "तिला मी नाही म्हणू शकत नाही, बुरुलचा. तिनं या दोन महिन्यांत तेवढंच केलंय. रोज कुटते. ते पण काढून घेतलं तर ती काय करणार?"

बाहेर डॉक्टर भेटले. टाक्यांवर माती, पाला, चरबी काही लागलं तर गुडघाही जाईल, म्हणाले. मी लिहून द्या म्हटलं. झूराला सांगून झालंय, तिनं मान हलवलीय, असं म्हणाले आणि दुसऱ्या खोलीत गेले. मान ती गुलसुनसमोरही हलवते.

३० सप्टेंबर

आयजारकिनला चार वेळा फोन लावला. उचलत नाही. म्हणून आता इथंच लिहिते, आणि हेच पान फाडून उद्या सकाळच्या गाडीनं तिच्या हातात जाईल असं बघते. गाडीवाल्याला सांगितलंय, मुलीच्या हातात दे, शेजाऱ्यांकडं ठेवू नकोस.

आयजारकिन, सोबत तीन पिशव्या आहेत. मी स्वतः विचार करून भरल्यात, हसू नकोस. पहिलीत मुळी, धूर न दिलेली. दुसरीत मुळी, धूर दिलेली. तिसरीत नुसतं वाळकं गवत, त्यालाही तेवढाच धूर दिलाय. गवताला रिंगण आलं तर कुणाचं रिंगण ते लहान पोरालाही कळेल. प्रत्येक पिशवीवर लिहिलंय काय ते. पुढच्या पानावरचा 'कसा सुकवला' रकाना पण दुरुस्त केलाय: सावलीत सात दिवस, मग आरच्याच्या धुरावर तीन संध्याकाळी. खाली सही केलीय.

बशा तुम्ही सावकाश भरा. मला आधी कागद हवाय.

तू विचारलंस, कुणाचं काय बिघडतंय. सबिरकुल बायकेचा डावा पाय घोट्याच्या वरून कापला. तुला लहानपणी ट्रकच्या पुढच्या सीटवर बसवून फिरवायचा तो. मी त्याला गोळ्या टाकायला सांगितलं, तुझी बशी दाखवून, तू दाखवू नकोस म्हणालीस त्यानंतर तीनच दिवसांनी. तुझा दोष नाही. दोष माझा, तो मी लिहून दिलाय आणि कुणालाही वाचून दाखवीन. पण शनिवारी त्याला घरी आणतायत, झूरानं खलात मुळी कुटून ठेवलीय, आणि तिला माझा शब्द चालत नाही, डॉक्टरांचाही चालत नाही. तिला फक्त तिथला कागद चालेल, जिथून फोटो आला.

कागदावर एवढंच हवं: या मुळीनं जंतू मरत नाहीत, पहिली बशी धुरानं फसली, जखमेला लावू नये. मोठ्या बाईंची सही आणि शिक्का. त्यासाठी तुला बाईंना धुराचं सांगावं लागेल. मला माहीत आहे त्यानं लेख जाईल. वर्ष पण जाईल कदाचित. वर्ष पुन्हा कर, मी आहे.

मी रागावून लिहीत नाही. तू फोन उचलत नाहीस तेव्हा मला वाटतं, ही पण माझ्यासारखीच बरं म्हणून गप्प बसलीय. ते तू माझ्याकडूनच शिकलीस.

गुरुवारी संध्याकाळी पाचला इथून बिश्केकची गाडी सुटते. त्याआधी मला सांग, बाईंशी तू बोलतेस की मी येऊन बोलू. मी आले तर शुक्रवारी सकाळी त्यांच्या दारात बसलेली असेन आणि सहीचा कागद घेतल्याशिवाय उठणार नाही. पिशवी भरून तयार आहे. गुरुवार, पाच वाजेपर्यंत. हो की नाही, एवढंच.